माश्यांना रक्त पाजायला कुवेतला

कुवेतला कशाला गेला होतात असं कोणी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं, की माणसं आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसतात. तेलाच्या गावाला गेलेला माणूस तेलासाठीच गेला असणार, अशी आपल्याकडची समजूत. मी गेलो होतो माश्यांसाठी. त्यांना रोज रक्त पाजायचं, त्या किती जगतात आणि किती पिलं घालतात ते वहीत लिहायचं, एवढंच माझं काम होतं. अकोल्याकडचा माणूस मी, जनावरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस. लग्न झालेलं नाही. धाकट्या दोन भावांचं करता करता वय चाळिशीच्या पुढे सरकलं, आणि ते दोघे आपापल्या संसाराला लागल्यावर एक दिवस लक्षात आलं की घरात चहाला मी एकटाच आहे. तेवढ्यात आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "वानखडे, सहा महिने बाहेर जाल का?" मी कुठे, कशाला हेसुद्धा न विचारता हो म्हणालो.

तोपर्यंत मी समुद्र पाहिलेला नव्हता. आगबोटीच्या डेकवर पहिले दोन दिवस आडवा पडून काढले, त्यामुळे समुद्राबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. कुवेतमध्ये आपला रुपया जाऊन दिनार आला होता, त्यानंतरचा तो हिवाळा होता.

शुवैख

शुवैखच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा पहिलं आश्चर्य थंडीचं. वाळवंट म्हणजे उकाडा असं मी धरून चाललो होतो. अंगात सुती सदरा आणि समोरून सुईसारखा वारा. मला घ्यायला आलेले मॉर्टनसाहेब, माश्यांच्या या प्रयोगाचे इंग्रज प्रमुख, लोकरीच्या कोटात होते. उंच, किडकिडीत, वाक्य अर्धं बोलून उरलेलं मनात पुरं करणारा माणूस. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जीपमधली घोंगडी पुढे केली.

गोदामांच्या रांगेमागे सिमेंटच्या विटांची एक खोली होती. बाहेरून गॅरेज वाटावी अशी. आत शिरलो आणि थबकलो, कारण आत ओल होती. भिंतींना भिजवलेली गोणपाटं टांगलेली, खाली पाण्याची पातेली, कोपऱ्यात एक हीटर. बाहेर पाणी टँकरने यायचं, समुद्राचं पाणी उकळून गोड केलेलं, आणि या खोलीत माश्यांसाठी हवा दमट राखली जात होती. पुढे पुढे काम नसलं तरी मी त्या खोलीत जाऊन बसायचो. त्या अख्ख्या मुलखात विहिरीच्या काठासारखा वास तेवढ्या एका खोलीला होता.

माशीचं नाव त्सेत्से. ही आफ्रिकेतली. आपल्या घरमाशीपेक्षा थोरली, मातकट रंगाची, बसली की पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटणारी. नर असो की मादी, दोघंही रक्तावरच जगतात. दुसरं काही खात नाहीत. रोगी जनावराचं रक्त प्यायली की तो रोग पुढच्या जनावराला, माणसाला देते. माणसाला होतो तो निद्रारोग. गुरं तर तिकडे कळपाने मरतात. आमच्या माश्या मात्र निरोगी. त्या कोषात बंद असतानाच विमानाने आल्या होत्या, या खोलीतच उडायला लागल्या, आणि तपासलेल्या जनावरांशिवाय त्यांनी कुणाला तोंड लावलं नव्हतं.

साहेबांना शोधायचं होतं ते एकच. कुठल्या जनावराच्या रक्तावर ही माशी जास्त दिवस जगते आणि जास्त पिलं घालते? ते कळलं तर तिकडच्या रानात तिला कोण पोसतं हे कळेल, आणि प्रयोगशाळेत वाढवायची तर कशावर वाढवायची हेही कळेल. आणि कुवेत का? तर तिथे ही माशी मुळात नाही, आणि चुकून एखादी खोलीतून सुटलीच तर बाहेरच्या कोरड्या हवेत ती टिकायची नाही. शिवाय बंदरात जनावरांची जहाजं येत, त्यामुळे बकऱ्या हव्या तेवढ्या.

बकरी, उंट आणि गिनीपिग, असे तीन गट होते. जनावराच्या कुशीवरचे केस कापायचे, जाळीचा छोटा पिंजरा त्यावर धरायचा. माश्या जाळीतूनच सोंड खुपसतात. पाहता पाहता त्यांचं चपटं पोट फुगतं आणि पिकल्या करवंदासारखं होतं. बकरी एकदा कातडी थरथरवते आणि पुन्हा कडबा चघळायला लागते.

या माशीची दुसरी गोष्ट मला तिथेच कळली. ती अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला पोटातच एक प्रकारचं दूध पाजते आणि नऊ-दहा दिवसांनी जवळजवळ आपल्याएवढी झालेली ती अळी बाहेर सोडते. अळी लगेच वाळूत शिरते आणि तिचा तपकिरी कोष होतो. तो कोष मी तराजूत तोलायचा. आईला रक्त मानवलं असेल तर कोष भरलेला, नाही तर हलका. गिनीपिगच्या रक्तावरच्या माद्यांचे हाल माझ्याने बघवत नसत. पोटभर पीत, पण ते रक्त त्यांना पचत नसे. साहेबांनी एका मेलेल्या माशीचं पोट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. आत रक्ताचे लाल खडे झाले होते, खडीसाखरेसारखे. अशा माद्या दिवस भरायच्या आधीच पांढरं, कोवळं काहीतरी टाकून देत. मी ते चिमट्याने उचलायचो आणि वहीत फुली मारायचो.

"दुसरं रक्त देऊन पाहायचं का यांना?" मी एकदा विचारलं.

"मग आपल्याला काय कळणार, वानखडे?" साहेब म्हणाले.

जहराच्या पलीकडे

उंटीण होती अबू सालेम नावाच्या बदूची, म्हणजे वाळवंटात उंट-बकऱ्या घेऊन फिरणाऱ्या भटक्याची. थंडीचे दोन महिने ती आमच्या अंगणात बांधलेली होती. भारी मानी जनावर. पिंजरा लावताना ती मान वळवून माझ्याकडे बघायची आणि मीच ओशाळायचो. तिच्या रक्तावर माश्या जगल्या, पण कोष बकरीवाल्यांइतके भरले नाहीत असं मला वाटलं. साहेब म्हणाले, वाटणं तक्त्यात लिहायचं नसतं.

पावसाचे चार थेंब पडून वाळवंटात हिरवं उगवलं तशी अबू सालेमला उंटीण परत हवी झाली. ती पोचवायला आम्ही जहरा गावाच्या पुढे त्याच्या तंबूवर गेलो. साहेब, मी आणि कासमभाई.

कासमभाईबद्दल आधी सांगायला हवं. हे हर्णैचे. गोदामामागे जनावरांचा जो वाडा होता तिथले मुकादम. आमच्या बकऱ्यांचा चारापाणी तेच बघत. पन्नाशीचे, ठेंगणे, मेंदीने रंगवलेली दाढी. पहिल्याच दिवशी मला हिंदीत नाव विचारलं, मी सांगितलं, तर डोळे मोठे करून म्हणाले, "अरे, मग मराठी बोला की! हिंदी कशाला झिजवताव?" त्यांची मराठी किनाऱ्याची, माझी वऱ्हाडची. एकमेकांचे निम्मे शब्द आम्हाला विचारून घ्यावे लागत. पण बोट सुटल्यानंतर कानावर पडलेली ती पहिली मराठी होती.

तंबू बकरीच्या केसांच्या काळ्या पट्ट्यांचा. आत जाजम, मध्ये विस्तव. इवल्याशा पेल्यांत बिनदुधाचा गोड चहा. पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. नको असेल तर हलवून दाखवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी आपला पीत राहिलो, अबू सालेम ओतत राहिला, आणि शेवटी कासमभाईंनी माझा हात धरून पेला हलवला तेव्हा तंबूतली सगळी माणसं खदखदून हसली. मग वाळूखालून काढलेले फगा नावाचे कंद आले, तुपात परतलेले. दिसायला बटाटा, चवीला आपल्या पावसाळी अळंब्यांच्या जवळपास.

अबू सालेमने कासमभाईंना काहीतरी विचारलं. कासमभाई घुटमळले.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतो, हा माणूस आपला मुलूख सोडून माशीसाठी आला? घरी बायको काय म्हणाली?"

"बायको नाही म्हणावं."

कासमभाईंनी ते सांगितलं. पुन्हा प्रश्न आला: पोरं? नाहीत. आईबाप? गेले. अबू सालेम थोडा वेळ विस्तवात काडी फिरवत बसला. मग उठून बाहेर गेला आणि लाकडी वाडग्यात उंटिणीचं दूध घेऊन आला, फेसाळ आणि कोमट. पाहुण्यांत मॉर्टनसाहेब होते, पण वाडगा त्याने पहिल्यांदा माझ्यापुढे धरला. ते दूध जरा खारट लागतं. मी सगळं प्यायलो. परत येताना जीपमध्ये मला सारखं वाटत होतं की त्या तंबूत आपण काहीतरी कबूल करून आलो.

खैतान

शुक्रवारी सुट्टी. माश्यांना नसते, त्यामुळे मलाही सकाळची नसे; पण दुपारपासून काय करायचं हा प्रश्न असे. साहेब अहमदीला इंग्रजांच्या क्लबात जात. मी धक्क्यावर जाऊन बोटी मोजायचो. मोजून झाल्या की परत मोजायचो. सासरी असलेल्या माझ्या ताईचं एक पत्र आलं होतं, त्यात आंब्याच्या झाडाला मोहोर आल्याचं होतं; ते मी इतक्या वेळा वाचलं की घडीवरची अक्षरं पुसली गेली.

तंबूवरून आलो त्याच्या पुढच्या शुक्रवारी कासमभाई वाटेतच उभे होते. "चला. आज जेवायला आमच्याकडे."

खैतानला एका खोलीत ते सहाजण राहत. हर्णै, दापोली, मुरूड, सगळे तिकडचेच. कोणी हॉटेलात, कोणी शिंप्याच्या दुकानात. नमाज पढून आले आणि जेवण मांडलं. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट, हे मला तिथे कळलं. पण मला पापलेटही कधी मिळालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते दोनदा समजावून सांगावं लागलं. नारळ मिळत नव्हता म्हणून कालवणात बदाम वाटून घातले होते. तांदळाच्या भाकरीही होत्या. मी ज्वारीच्या भाकरीबद्दल बोलायला लागलो तर शिंपी म्हणाला, "काळी असते ती?" मी म्हटलं, पांढरीशुभ्र. त्याचा विश्वास बसला नाही.

त्यानंतर शुक्रवार खैतानचा ठरला. मी त्यांच्यातला नव्हतो, आणि ते तसं भासवतही नव्हते. आपापसांत बोलायला लागले की मी मागे पडायचो. पण ताट वाढताना माणसं मोजत त्यात मी असायचो. हे केवढं असतं ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

पुन्हा शुवैख

मार्च संपता संपता मॉर्टनसाहेबांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. त्यांना अहमदीच्या इस्पितळात नेलं. जाताना जीपच्या खिडकीतून म्हणाले, "बकरीचा गट सांभाळा, वानखडे. तोच एक चांगला चाललाय. बाकी सगळं गेलं तरी चालेल." मी मान हलवली. उंटिणीचा गट तिच्याबरोबरच संपला होता, गिनीपिगवाल्या माश्या एकेक करून मरत होत्या. बकरीवाल्या मात्र टवटवीत. त्यांच्या पहिल्या कोषांतून नव्या माश्या निघून त्यांनाही दिवस गेले होते.

एका सकाळी मी निम्मे पिंजरे बकऱ्यांना लावले, वहीत लिहिलं आणि दुपारी चक्कर टाकली तर पिंजऱ्यांच्या तळाशी माश्या उताण्या पडलेल्या. पाय थरथरताहेत, पंखांचा अर्धवट भिरभिर आवाज. एकेक करून तो थांबत गेला. मी हीटर पाहिला, पाणी पाहिलं, गोणपाटं हुंगली. मग बकऱ्यांकडे गेलो आणि एकीच्या पाठीवरून हात फिरवला. तळहाताला पांढरी पूड लागली.

कासमभाई वाड्याच्या दारात बसून दोरी वळत होते.

"बकऱ्यांना काय लावलंत?"

"पावडर. नवीन जहाजाच्या मालाला गोचिडी होत्या. मी म्हटलं, तुमच्या बकऱ्यांना लागायला नको. सगळ्यांच्या आधी तुमच्याच चोळल्या." ते समाधानाने हसले. "चांगल्या घसघशीत."

"माश्या मेल्या," मी म्हणालो.

त्यांना कळायला वेळ लागला. दोरी खाली ठेवली. "माशीचा औषध नाय तो. गोचिडीचा हाय."

"मेल्या म्हणतोय ना! निम्म्या मेल्या!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? अंगठा उठवणाऱ्या माणसाने स्वतःची अक्कल चालवू नये!"

हे मी बोललो. त्यांना सही येत नव्हती, पावतीवर अंगठा देत, आणि त्याची त्यांना लाज वाटते हे त्यांनीच मला एका शुक्रवारी सांगितलं होतं. ते उठले, दोरीचं भेंडोळं उचललं आणि आत गेले.

उरलेले निम्मे पिंजरे संध्याकाळी लावायचे होते म्हणून वाचले होते. पण लावायचे कशाला? वाड्यातल्या सगळ्या बकऱ्या पांढऱ्या झालेल्या. धुतल्या तरी केसांच्या मुळाशी पूड राहणार. बाजारातून नवी आणावी तर तिच्यावर काय चोळलंय कोण सांगणार? अबू सालेम चाऱ्याच्या मागे कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. गिनीपिगचं रक्त देणं म्हणजे हळूहळू मारणं. साहेबांना इस्पितळात विचारायला गेलो तर नर्सने दारातूनच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी माश्यांची पोटं चपटी दिसायला लागली. भुकेली मादी पोटातली अळी टाकून देते. मी खोलीचं दार लावलं, डाव्या हाताची बाही वर केली, साबणाने हात धुतला आणि पहिला पिंजरा दंडाखाली लावला.

दुखतं. डास चावतो तसं नव्हे. आधी टोचतं, मग आत सोंड फिरल्यासारखं वाटतं. मी डोळे मिटले नाहीत. एकेकीचं पोट चढत गेलं. लाल, मग काळपट लाल. माझं रक्त असं बाहेरून बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. एक संपला की दुसरा पिंजरा. मग उजवा हात, मग मांडी. सगळे झाले तेव्हा मला गरगरत होतं. ते रक्त गेल्याने नव्हे, थेंबाथेंबाचाच मामला तो. मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चावलेल्या जागी लाल गांधी उठल्या, त्यांना रात्रंदिवस कंड. वहीत नवीन पान काढून वर लिहिलं: माणूस. मी कोणाशीच बोलत नव्हतो. वाड्याच्या दारात कासमभाई दिसले की ते दुसरीकडे बघत, मीही. शुक्रवार आला आणि गेला. मी धक्क्यावरसुद्धा गेलो नाही. एके दिवशी पिंजरा हातावर धरून बसलो असताना मनात आलं की चार महिन्यांत आपल्या अंगाला कोणाचा स्पर्श झाला असेल तर तो या माश्यांचा आणि कासमभाईंच्या हाताचा, खांद्यावर पडायचा तो. त्यातला एक आपणच घालवला. त्या दिवशी मी त्या दमट खोलीत बसून रडलो. चाळिशी उलटलेल्या माणसाने हे लिहू नये, पण प्रवासात जे झालं ते सांगायचं असं ठरवूनच लिहायला बसलोय.

माफी मागायला मी दोनदा वाड्यापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो. ते चारा कापत होते.

"कासमभाई, मी फार वाईट बोललो."

त्यांनी कोयता थांबवला, पण वर पाहिलं नाही. "माश्या तर माझ्यानेच मेल्या ना."

"तुम्ही चांगल्यासाठी केलंत. मी बोललो ते चांगल्यासाठी नव्हतं."

मी वळलो तशी त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. उठून आले आणि माझी बाही सरळ वर सरकवली. कोपरापर्यंत सुजलेला हात.

"हा काय?"

मी सांगितलं. ऐकताना त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग कोयता भिंतीला टेकवून ते पाण्याच्या पिंपाशी गेले आणि हात धुवायला लागले.

"काय करताय?"

"चला. एकट्याने किती पाजणार? आजार नाय ना होत? ती झोपेची बिमारी?"

"या माश्यांना नाही तो. पण दुखतं."

"दुखूदे."

तेव्हापासून आम्ही दोघं रोज सकाळी त्या खोलीत स्टुलांवर समोरासमोर बसू लागलो, हातावर एकेक पिंजरा घेऊन. पहिल्या दिवशी माशीने सोंड खुपसली तसे ते "या अल्ला!" म्हणून ओरडले आणि मग स्वतःच हसायला लागले. दोघांच्या माश्या मी वेगळ्या ठेवल्या आणि वहीत दोन रकाने केले. ते त्यांना फार आवडलं.

"तुमच्या रक्तात मिरची, माझ्यात मासळी," ते म्हणाले. "बघूया कुणाची पोरं जाड होतात ती."

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या पिंजऱ्यातल्या एका मादीने अळी सोडली. नेमकी आमच्या समोर. पांढरी, फुगीर, मागे दोन काळे ठिपके. वाळूत पडली, जरा वळवळली आणि शिरली आत. कासमभाई श्वास रोखून बघत होते. त्यांच्या धाकट्या मुलाचा जन्म झाला तेव्हा ते इथे कुवेतलाच होते, त्याला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते तो चालायला लागल्यावर. त्यांनी हे सांगितलं आणि मग बराच वेळ वाळूवरून नजर काढली नाही. कोष कडक झाल्यावर मी तोलला. चांगला भरला होता, बकरीवाल्यांच्या तोडीचा. माझा पहिला त्यापेक्षा किंचित हलका निघाला, आणि ही बातमी शुक्रवारी खैतानच्या सगळ्या खोलीला कळली.

मॉर्टनसाहेब परत आले ते अर्धे होऊन. खुर्चीत बसून त्यांनी वही चाळली. 'माणूस' असं लिहिलेल्या पानावर थांबले. माझे हात बघायला मागितले. बराच वेळ बघितले.

"तुम्ही मूर्खपणा केलात," ते हलकेच म्हणाले. "आणि तुमच्यामुळे माश्यांची ही वसाहत वाचली." मग पेन काढून त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. "माणूस आपल्या योजनेत नव्हता. हे धरता येणार नाही."

मला कारण पटत होतं. मी मदतनीस असलो तरी तेवढं समजत होतं. तरीही ती रेघ ओढताना पेनाचा जो आवाज झाला तो मला ऐकवला नाही, आणि मी पाण्याची पातेली भरायला उठलो.

त्यांची तब्येत पुन्हा कामाला लागण्यासारखी राहिली नव्हती. उन्हाळा तोंडावर होता, धुळीची वादळं सुरू झाली होती. काम आवरायचं ठरलं. मोठ्या माश्या बर्फाच्या पेटीत ठेवून संपवल्या. ते काम माझंच होतं. कोष तेवढे साहेबांबरोबर विलायतेला जायचे होते, तिथे पुढचा गट वाढवायला. ओलसर लाकडी भुशात मी ते एकेक रचले. त्यात आम्हा दोघांच्या माश्यांचेही होते. वहीत रेघ ओढलेली होती, पण डब्यात त्यांची जागा होती. साहेबांनी ते पाहिलं आणि झाकण स्वतः लावलं.

मीना अल-अहमदी

तोवर कासमभाईंची बदली मीना अल-अहमदीला झाली होती, तेलाच्या धक्क्यावरच्या एका ठेकेदाराच्या कोठारात. निरोप घ्यायला सवड झाली नव्हती. माझी बोट दुसऱ्या दिवशी सुटायची होती, म्हणून सकाळीच बस पकडून तिकडे गेलो. वाटेत गॅसच्या ज्वाळा भर उन्हातसुद्धा दिसत होत्या, आणि समुद्रात लांबवर काळ्या जहाजांची रांग.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. पास नव्हता. मी अरबीतले मला येत होते ते सगळे शब्द वापरले; सगळे मिळून दहा असतील. त्याने कुंपणाच्या सावलीकडे बोट केलं. दीड तास तिथे उभा राहिलो. जेवणाची सुट्टी झाली तशी माणसं बाहेर सांडली, आणि त्यांत ती मेंदीची दाढी दिसली. मी हाक मारली. ते तारांपाशी धावत आले.

"वानखडेभाऊ! कवा निघताव?"

"उद्या."

त्यांनी तारांतून दोन बोटं बाहेर काढली, मी ती धरली. त्याहून जास्त जागा नव्हती. मागून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"पोरं कशी हायत?" त्यांनी विचारलं.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"गेली. साहेबांबरोबर. विमानाने विलायतेला."

"सगळी?"

"तुमची, माझी, सगळी."

ते ऐकून ते मोठ्याने हसले, इतके की पहारेकरीही वळून बघायला लागला. "विमानात! आपण दोघं डेकवर ओकत आलो, आणि आपल्या रक्ताची पोरं विमानात बसली!" हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि ते त्यांनी खांद्याला पुसले, कारण हात तारांतून काढायला ते तयार नव्हते.

"पत्र लिहा," ते म्हणाले. "शिंपी वाचून दाखवील."

"लिहीन."

भोंगा झाला. ते चार पावलं गेले, वळून हात हलवला आणि माणसांच्या लोंढ्यात मिसळले. त्यांच्यासारखीच पाठ असलेली बरीच माणसं होती. मी त्यातल्या एकीवर नजर ठेवली, ती कोठाराच्या दारात शिरेपर्यंत. ती त्यांचीच होती की नाही, मला सांगता येणार नाही.

परतीची बस तासाभराने होती. मी कुंपणाच्या सावलीत बसून राहिलो.